डायलिसिसमध्ये लस धुऊन निघते का?

पत्र इंदूरच्याच सुदामा नगरमधून आलंय, एका सूनबाईचं. लांब होतं म्हणून थोडक्यात देते.

"मावशी, सासूबाई ५७ वर्षांच्या आहेत, शुगरनं किडन्या गेल्या, २०२० च्या दिवाळीपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर). २०२१ मध्ये कोविशिल्डचे दोन डोस झाले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिसरा, त्यानंतर काहीच नाही. आता ट्रान्सप्लांटचं चाललंय, सासरे किडनी देणार आहेत. किडनीचे डॉक्टर म्हणतात की राहिलेल्या सगळ्या लसी आधी उरकून घ्या, त्यात कोरोनाची पण. सासूबाई अजिबात तयार नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात डायलिसिसमध्ये लस धुऊन निघते, फुकट सुई कशाला टोचून घ्यायची. व्हॉट्सॲपवर कोविशिल्डनं रक्ताच्या गुठळ्या होतात ते फिरतंय. त्यांच्याच शिफ्टमधल्या एका बाईंचा फिस्टुला लसीनंतर दहा दिवसांत बंद पडला होता, ते त्या विसरत नाहीत. आम्ही अँटिबॉडी टेस्ट केली, आकडा चांगला मोठा आलाय, मग डोस लागतो का? मागच्या वेळी दिरांनी लसीनंतर नारळपाणी आणि गिलोय सुरू केलं होतं, तेही विचारायचं होतं."

अगं, आधी काकूंचं घेऊ. मी पंचवीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर होते आणि हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय लोकांनी की एकदा तर मी वापरून झालेला डायलायझर, म्हणजे रक्त गाळायचं नळकांडं, हातात धरूनच समजावत बसले होते. त्या नळकांड्यात केसासारख्या बारीक अशा हजारो पोकळ तारा असतात, त्यांच्या भिंतींना भोकं असतात आणि त्या भोकांतून युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम असला बारीक माल बाहेर जातो. युरियाच्या एका कणाचं वजन ६० धरलं तर लसीनं अंगात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं वजन दीड लाखाच्या घरात जातं, म्हणजे अडीच हजार पट. सांडशीनं धरायचा हंडा चहाच्या गाळणीतून कसा जाईल? आणि लस तर रक्तात देतच नाहीत, ती दंडाच्या स्नायूत देतात, तिथून ती काखेतल्या गाठींकडे जाते आणि शरीराला काय ओळखायचं ते तिथे शिकवते. शिकवण झाली की लसीचं काम संपलं. तेव्हा धुऊन वगैरे काही निघत नाही, काकूंना माझा नमस्कार सांग.

पण काकू अगदीच चुकीच्या नाहीत बरं का. कारण चुकीचं आहे, पण डायलिसिसच्या पेशंटला लस कमी लागू पडते हे खरंच आहे, आणि मला वाटतं तुम्ही सगळे घाबरताय ते चुकीच्या गोष्टीला. लस काही करेल का याची भीती घरात भरून राहिलीये, आणि लस पुरेसं करणार नाही याची काळजी कोणालाच नाहीये.

हे आम्हाला कोरोनाच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, हिपॅटायटिस बीच्या लसीमुळे. तुझ्या सासूबाईंना ती दिलेली असणारच, फाइल काढून बघ. धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस पुरतात, डायलिसिसवाल्याला ४० चे चार, म्हणजे शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांनी, प्रत्येक वेळी डबल डोस. एवढं करूनही टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी, काढला की शंभरातले साधारण पन्नास-साठच पास होतात, जिथे तरुण निरोगी माणसांत नव्वदच्या वर होतात. पास म्हणजे १० च्या वर. त्यातलेही काही वर्षभरात परत खाली येतात, म्हणून दर वर्षी टायटर बघायचा आणि पडला की बूस्टर. लोक चिडायचे, सिस्टर परत सुई का म्हणून. रक्तात युरिया आणि बाकीची घाण सतत साठत असली की शरीराचे शिपाई, म्हणजे बी पेशी न टी पेशी, सुस्त होतात आणि लवकर म्हातारे होतात, शिकवलेलं उशिरा शिकतात आणि लवकर विसरतात. त्यात वय, शुगर, रक्तातलं अल्बुमिन हे प्रोटीन कमी असणं हे सगळं भर घालतं. किडनीचे पेशंट अंगानं हडकतात ना, तसंच आतूनही होतं म्हण.

कोरोनाच्या लसीचंही तेच निघालं, फक्त एवढं वाईट नाही. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये फायझरच्या दोन डोसांनंतर ५६ डायलिसिस पेशंट तपासले, त्यांतल्या ५४ जणांत अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. ऐकायला छान वाटतं, पण त्यांची पातळी निरोगी लोकांच्या निम्म्याहून कमी होती. आणि नंतरच्या महिन्यांत ती उतरतेही लवकर. ती लस आपल्याकडे आली नाही, आपल्याकडे कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन आणि मग कॉर्बेव्हॅक्स, पण शरीर तेच न. तिसऱ्या डोसानं पातळी परत चांगली चढते हेही बऱ्याच ठिकाणी दिसलं. म्हणजे डायलिसिसवाल्यांसाठी दोन डोस म्हणजे कोर्स पूर्ण असं समजायचं नाही. तुझ्या सासूबाईंचा शेवटचा डोस २०२२ चा, त्यालाही आता वर्षं लोटली.

"पण आता कोरोना राहिलाय कुठे" असं त्या म्हणतील. २०२५ च्या मे-जूनमध्ये परत केसेस आल्याच की. बहुतेकांना सर्दी-ताप होऊन गेलं, खरंय. पण डायलिसिसवाल्यांचं वेगळं आहे. लस यायच्या आधी युरोपातल्या नोंदींत डायलिसिसवर असताना ज्यांना कोरोना झाला त्यांतला पाचातला एक जण २८ दिवसांत गेला होता. बाकी सगळे घरात दार लावून बसले तेव्हा आमचे पेशंट दिवसाआड गाडीत बसून युनिटला येतच होते, न येऊन सांगतात कोणाला, डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या तर फुफ्फुसात पाणी. २०२१ च्या एप्रिलमध्ये शहरात पॉझिटिव्ह पेशंटला मशीन मिळता मिळेना, एका ठिकाणी तर गेटवरूनच परत पाठवलं होतं, नाव घेत नाही. आमच्या दुपारच्या शिफ्टमधले काही चेहरे त्या महिन्यानंतर दिसलेच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारनं ४५ च्या वरच्या आजारी लोकांना लस खुली केली आणि त्या यादीत डायलिसिस होतं, तुझ्या सासूबाईंनापण डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर तेव्हाच मिळाली असणार. मी स्वतः फॉर्म भरायला बसवली होती लोकांना.

आता गुठळ्यांचं. ते खोटं नाहीये, म्हणून फॉरवर्ड करणाऱ्याला नुसतं हसून चालत नाही. कोविशिल्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच लस, पुण्याच्या सीरमनं बनवलेली. तिच्यानंतर फार थोड्या लोकांत रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट पडणं असं झालं, हे २०२१ मध्येच कळलं होतं. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदांत कंपनीनं ते मान्य केल्याची बातमी आली आणि लोकांना वाटलं आत्ताच काहीतरी उघडकीला आलं. ब्रिटनचे आकडे असे की पहिल्या डोसानंतर दहा लाखांत साधारण पंधरा, दुसऱ्यानंतर दहा लाखांत दोनच्या आसपास, आणि होतं ते डोसानंतर साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत. सासूबाईंचे तीन डोस होऊन वर्षं झाली. २०२१ ची लस आता अचानक गुठळी करत नाही, ती अंगात राहतच नाही.

यात डायलिसिसवाल्यांनी विचारावी अशी एक गोष्ट आहे जी व्हॉट्सॲपवाल्यांना माहीतच नाही. ही जी गुठळ्यांची भानगड आहे ना, तिची चाल आम्हा सिस्टर लोकांना ओळखीची आहे, कारण हेपॅरिननं, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधानं, क्वचित कोणाकोणाला असंच होतं. प्लेटलेटमधल्या एका प्रोटीनविरुद्ध शरीर अँटिबॉडी करतं, प्लेटलेट खाली आणि गुठळ्या वर. आणि हेपॅरिन तर डायलिसिसमध्ये दर पाळीला जातं. म्हणून फाइलमध्ये कधी "हेपॅरिननं प्लेटलेट पडल्या, हेपॅरिन बंद" असं लिहिलेलं आहे का ते बघ. असेल तर डॉक्टरांना लसीच्या आधी आठवण कर, ते दुसरी लस निवडतील. नसेल, आणि पाच-सहा वर्षं हेपॅरिन सुखानं चाललंय, तर नुसतं हेपॅरिन घेतात म्हणून लसीचा धोका वाढत नाही. तसंही आता कोविशिल्डच घ्या असं कोणी म्हणत नाहीये, सीरमनं तर २०२१ च्या डिसेंबरपासूनच नवीन माल बनवणं थांबवलं होतं. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला विषाणू, कॉर्बेव्हॅक्स म्हणजे नुसता विषाणूच्या काट्याच्या प्रोटीनचा तुकडा, यातलं काहीच अंगात वाढू शकत नाही. कोणती मिळेल, कोणती घ्यायची हे किडनीच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. आणि पूर्वीसारखी गल्लोगल्ली सेंटर नाहीत, आधी फोन करून विचारून मग निघा, नाहीतर सासूबाईंना हेलपाटा झाला की त्या परत यायच्याच नाहीत.

त्या शिफ्टमधल्या बाईंच्या फिस्टुल्याचं वाईट वाटतं, फिस्टुला गेला की माणूस खचतो, मानेत कॅथेटर म्हणजे नळी टाकून घ्यायची, परत ऑपरेशन, परत दीड-दोन महिने थांबायचं. पण फिस्टुला बंद पडणं हे आमच्याकडे नेहमीचंच दुखणं. आत शीर अरुंद होत आलेली असते, एक दिवस डायलिसिसमध्ये पाणी जास्त काढलं, बीपी ऐंशीवर आलं, रात्री त्याच कुशीवर झोप लागली, सकाळी फिस्टुल्यातली रक्ताची थरथर गायब. कोणत्याही युनिटमध्ये चाळीस-पन्नास पेशंट धर, कोणत्याही महिन्यात कोणाचं ना कोणाचं काहीतरी होतंच, फिस्टुला, हार्ट, पडणं. त्या महिन्यात सगळ्यांना लस दिली असेल तर ते लसीनंतरच होणार की. लस दिली नसती तर तेव्हा काय म्हणाले असते, ग्रहणानं झालं म्हणाले असते. सासूबाईंना एवढंच शिकव की रोज सकाळी दात घासायच्या आधी फिस्टुल्यावर बोटं ठेवून थरथर बघायची, लस असो नसो. लागली नाही तर त्याच दिवशी फोन, दुसऱ्या पाळीची वाट बघायची नाही.

बाकी साइड इफेक्ट म्हणशील तर डायलिसिसवाल्यांना ते इतरांएवढेच किंवा थोडे कमीच होतात. दंड दुखणं, कणकण, थकवा, दोन दिवस. उलटं म्हणजे काही लोक येऊन म्हणायचे मला ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, तसंही नसतं हं.

सुई उजव्या दंडात घ्या. डाव्या हाताला ना सुई, ना बीपीचा पट्टा. डायलिसिसची पाळी नसलेल्या दिवशी घेतली तर बरं, दोन कारणांनी. एक म्हणजे डायलिसिसनंतर हेपॅरिनमुळे रक्त पातळ असतं, दंड निळा होतो, आणि नसलेल्या दिवशीसुद्धा बारीक सुई घ्यायला सांग आणि नंतर दोन-तीन मिनिटं न चोळता दाबून धर. दुसरं म्हणजे डायलिसिसनंतर घरी आल्यावर जो गळून गेल्यासारखा थकवा येतो तो लसीच्या खात्यावर जात नाही. तेवढ्यासाठी डोस लांबवू मात्र नका, पाळीच्या दिवशीच मिळत असेल तर मशीनवर घेण्याआधी द्या.

तापाला पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड घरातून बाहेर काढ, थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते यांनी आणि पोटातून रक्त जायची भीती वेगळी. आणि हे नीट वाच. ताप दोन दिवसांच्या वर राहिला, किंवा मशीनला लावल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर "लसीचा असेल" म्हणून घरी बसायचं नाही. ज्यांना मानेत कॅथेटर आहे त्यांना तर बिल्कुल नाही, कॅथेटरचं इन्फेक्शन असंच सुरू होतं आणि एका दिवसात माणूस आयसीयूत जातो. मी पाहिलंय हे, लसीवर ढकलून चार दिवस घालवलेले.

अँटिबॉडीच्या आकड्याचं काय करायचं? काही नाही. हिपॅटायटिस बीला १० ही रेघ आहे, कोरोनाला अशी ठरलेली रेघच नाही, या आकड्याच्या वर म्हणजे सुरक्षित असं कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा वेगळा. काही टेस्ट विषाणूच्या काट्यावरच्या अँटिबॉडी मोजतात, काही आतल्या प्रोटीनवरच्या, आणि दुसऱ्या प्रकारची टेस्ट केली तर कोविशिल्ड किंवा कॉर्बेव्हॅक्स कितीही लागली असली तरी, कोरोना होऊन गेला नसेल तर, ती निगेटिव्हच येणार, कारण त्या लसींत ते प्रोटीनच नाही. शिवाय टी पेशींनी काय लक्षात ठेवलंय ते या टेस्टमध्ये दिसतच नाही. सासूबाईंचा मोठा आकडा बहुतेक मधे कधीतरी नकळत कोरोना होऊन गेल्याचाही असेल. त्या पैशांत फ्लूची लस आली असती, ती दर वर्षी लागते त्यांना, आणि न्यूमोनियाची झाली नसेल तर तीही.

ट्रान्सप्लांटच्या आधी, हे डॉक्टर उगाच म्हणत नाहीयेत. किडनी बसली की ती शरीरानं फेकून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट असल्या गोळ्या जन्मभर चालतात, आणि त्या शरीराच्या शिपायांना मुद्दाम झोपवतात. ट्रान्सप्लांट झालेल्यांत अमेरिकेत दोन डोसांनंतर अँटिबॉडी तपासल्या तर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांतच सापडल्या, पहिल्या डोसानंतर तर फारच थोड्यांत. म्हणजे आत्ता डायलिसिसवर लस अर्धवट लागत असेल, पण पुढच्या वर्षी त्याहून कमी लागणार आहे. आत्ता शिपाई निदान डुलक्या घेतायत. म्हणून ऑपरेशनच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी, जमलं तर आणखी आधी, सगळं उरकायचं. आणि काही लसी जिवंत विषाणूच्या असतात, त्या ट्रान्सप्लांटनंतर देतच नाहीत, कोरोनाची त्यातली नाही पण तुमची यादी डॉक्टरांकडून एकदाच पूर्ण लिहून घे. सासरेबुवांच्याही लसी बघ, आणि तुमच्या सगळ्यांच्या. ज्याला लस कमी लागते त्याच्याभोवतीच्या माणसांनी घ्यायची असते, मुलांना शाळेतून सर्दी आली की आजीच्या खोलीत मास्क लावून, हे तर तू करतच असशील.

आणि एवढं करूनही कोरोना झालाच तर मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायच्या नाहीत, पहिल्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना फोन. त्या औषधांचे डोस डायलिसिसला वेगळे असतात, आणि ट्रान्सप्लांटनंतर तर त्यातलं एक औषध टॅक्रोलिमसची पातळी भलतीच वर नेतं.

सासूबाईंना कसं पटवायचं ते तू विचारलं नाहीस, पण सांगते. वाद घालू नकोस, त्यांनी स्वतः पाहिलंय त्या बाईंना, त्यांच्या भीतीला चेहरा आहे. त्यांच्या युनिटच्या टेक्निशियनला सांग, चार तास तो समोर असतो, सुया तोच टोचतो, त्याचं त्या सुनेपेक्षा जास्त ऐकतील. मी पंचवीस वर्षं हेच बघितलं, डॉक्टर राउंडला येऊन सांगून जातात आणि पेशंट आमच्याकडे वळून विचारतात, "सिस्टर, घेऊ का?"

आता दीर. लसीनंतर भरपूर पाणी प्या, नारळपाणी प्या, ज्यूस प्या हे तुझ्यामाझ्यासाठी आहे. सासूबाईंचं दिवसाचं पाणी मोजलेलं आहे आणि नारळपाण्यात इतकं पोटॅशियम असतं की दोन नारळ आणि मधे एक पाळी चुकली तर हृदय बंद पडायची वेळ येते, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. गिलोयनं तर २०२१ मध्ये मुंबईत लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याचे रिपोर्ट आले होते, आणि ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी वाढवणारं काहीही म्हणजे नव्या किडनीशी वैर. त्यांना म्हण, भिया, तुमचं प्रेम कळतंय, पण पुढच्या वेळी डाळिंबपण आणू नका, सफरचंदाची अर्धी फोड चालेल.